चार वाजताचे पंधरा ग्रॅम

अठ्ठावीस वर्षं मी लोकांचे काटे तपासले आणि माझ्याच घरातला खरा काटा मला खोटा वाटला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला कुणी शहाणा समजायला नको.

मी भरतेश मगदूम, वजनमापे खात्यातला निवृत्त निरीक्षक, राहणार सांगली. भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत माझ्या नावाने बोटं मोडणारी माणसं या शहरात अजून आहेत. माझी बायको त्रिशला एकसष्ट वर्षांची आहे आणि छताखालच्या तलावात बायकांना पोहायला शिकवते. वीस वर्षं तिला मधुमेह. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, आणि गेल्या वर्षी तिच्या स्वादुपिंडाने पार हात टेकले. तेव्हा डॉक्टर इरावती गोगटे यांनी नव्या उपचाराचं नाव काढलं. शिकवलेल्या पेशी.

डॉक्टरांनी मला जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. निरोगी माणसाचं इन्सुलिन साखर रक्तात पोचेपर्यंत थांबून राहत नाही. जिभेला चव कळली की मेंदू स्वादुपिंडाला निरोप धाडतो, जेवण येतंय म्हणून, आणि थोडं इन्सुलिन आधीच सुटतं. पाहुणे दारात यायच्या आधी चहाचं आधण ठेवावं तसंच हे. इंजेक्शनला असले निरोप कळत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेत वाढवलेल्या, इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींची एक चपटी कुपी त्रिशलाच्या पोटाच्या कातडीखाली बसवली. मज्जातंतूतून जाणारे निरोप ऐकायला कानामागे तांदळाच्या दाण्याएवढा एक जोड बसवला. निरोप आला की हा जोड कुपीला इशारा देतो.

पण नव्या पेशींना आपला निरोप कुठला हे ठाऊक नसतं. ते शिकवावं लागतं. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेली एकच चव, असे पंचेचाळीस दिवस. त्यासाठी आपल्या स्वयंपाकघरातली चव चालत नाही. गूळ, चिंच, शेंगदाणा ही मंडळी सगळ्याच पदार्थांत असतात, पेशींचा गोंधळ उडतो. डॉक्टरांनी निवडलं कडू चॉकलेट. बहात्तर टक्के कोको, पंधरा ग्रॅम, दुपारी बरोबर चारला. ते जिभेवर विरघळू द्यायचं आणि दहा मिनिटांनी थालीपीठासारखं काहीतरी पोटभरीचं खायचं. पेशी एकदा हे शिकल्या की मग जेवणं एकेक करून त्यांच्या हवाली करायची. तोवर जेवणांना इंजेक्शनं चालूच.

"मधुमेहाच्या पथ्यात चॉकलेट?" मी विचारलं.

"लाड म्हणून नाही देत, मगदूम," डॉक्टर म्हणाल्या. "ही शाळेची घंटा आहे. घंटा चुकवायची नाही आणि दोनदा वाजवायचीही नाही."

घंटेचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी सोनाराकडे असतो तसला बारीक काटा आणला. पंधरा म्हणजे पंधरा. जास्तीचा कपचा सुरीने काढून टाकायचा, तुकडा बशीत ठेवायचा आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसायचं. आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली. नोकरीत मी गावोगाव फिरत होतो, निवृत्त झालो तर ती तलावावर. दुपारी चार वाजता आम्ही एकमेकांसमोर नुसते बसलोय असं कधी झालंच नव्हतं. आता ती तिच्या बायकांचे किस्से सांगायची. कोण पाण्यात डोळे मिटते, कोण टोपी घालायला लाजते. तो पाव तास मला फार आवडायला लागला होता. तिला तसं कधी सांगितलं नाही, आमच्याकडे असल्या गोष्टी बोलायची पद्धत नाही.

वैशाखापर्यंत तिचे आकडे असे सुधारले की डॉक्टरांनी माझ्याकडे पेढे मागितले.

आषाढात महाराज चातुर्मासाला गावात आले. आम्ही जैन. या चार महिन्यांत आमच्याकडे प्रत्येक जण काही ना काही सोडतो. कुणी मीठ, कुणी तूप, कुणी गोड. महाराजांसमोर हात जोडून नियम घ्यायचा आणि दिवाळीपर्यंत पाळायचा. त्रिशलाही जाऊन आली. काय सोडलं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. नियम ज्याचा त्याचा असतो.

त्याच आठवड्यात तिच्या दंडावरची साखर मोजणारी चकती मला विचित्र वाटायला लागली. साडेचारला नव्वद असायचे ते रोज ऐंशी यायला लागले. मी सकाळी बोटाचं रक्त काढून ताडून बघितलं, तर दोन्ही आकडे जुळले. संध्याकाळी बघू म्हटलं तर ती वैतागली.

"किती टोचून घेऊ अजून? चकतीतच काहीतरी बिघाड असणार बघा."

मला ते पटलं, कारण मला तेच पटायला हवं होतं. उन्हं कलल्यावर हलणारे काटे मी आयुष्यभर पाहिलेत. चकतीचे आकडे माझ्या फोनवर यायचे आणि तिथे दुरुस्तीची सोय होती. दुपारी तीनच्या पुढच्या आकड्यात मी दहा मिळवले आणि शिक्का मारल्याच्या समाधानात झोपलो.

त्यानंतर बाराएक दिवसांनी, एका गुरुवारी, तलावावरच्या नव्या तुकडीची वेळ सव्वाचार झाली. चारला मी बशी पुढे केली. त्रिशलाने तुकडा रुमालात घेतला.

"वाटेत खाते. उशीर झालाय मला."

"आणि थालीपीठ?"

"डब्यात घेतलंय की. पोचल्या पोचल्या खाते."

"दहा मिनिटांनी म्हणजे दहा मिनिटांनी. पाण्यात उतरण्याआधी."

"हो हो निरीक्षकसाहेब," असं म्हणून ती निघालीसुद्धा.

चार वीसला फोनवर अठ्ठ्याऐंशी आले. चार पंचविसाला एकोणऐंशी. थालीपीठ खाल्लं असेल तर आकडा चढायला हवा होता. तिला फोन लावला. तो तलावावरच्या कपड्यांच्या कपाटात वाजत असणार. तलावाच्या कचेरीत लावला, कुणी उचलला नाही. साडेचारला आकडा सत्तर झाला. मी स्कूटर काढली.

त्या स्कूटरला फोन जोडलेला असतो आणि ती बया आकडे मोठ्याने वाचते. कॉलेजच्या चौकात लाल दिव्याला थांबलो तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "एकसष्ट." आणि तिथे, दोन रिक्षांच्या मधे, मला कळलं. खोटा काटा नेहमी तेवढाच चुकतो. दहाने चुकणारा काटा कायम दहानेच चुकतो, तो असा धावत खाली येत नाही. चकती खरी होती. म्हणजे एकसष्ट नव्हेत, एक्कावन्न. ते दहा माझे होते. मी सिग्नल तोडला. सरकारी नोकरीतसुद्धा मी कधी तोडला नव्हता.

पोचलो तेव्हा त्रिशला उथळ बाजूच्या पायरीवर कमरेइतक्या पाण्यात बसली होती. तिच्या तुकडीतल्या रुक्साना मुल्ला, त्या बँकेत असतात, तिचा हात धरून उभ्या होत्या.

"सर, मॅम कसंतरीच बोलायला लागल्यात. आधी आम्हाला वाटलं, चेष्टा करायल्यात."

आम्ही दोघांनी तिला ओढून वर फरशीवर घेतलं. अंग गार, घामाने की पाण्याने ते कळेना. डोळे उघडे होते, पण त्यांत मी नव्हतो. मी रुक्सानाबाईंना डॉक्टरांचा नंबर दिला आणि बाकड्यावरची तिची पिशवी उपडी केली. डबा निघाला. थालीपीठ जसंच्या तसं. रुमाल निघाला. रुमालात चॉकलेट. पूर्ण तुकडा, माझ्याच सुरीने कापलेला.

"हे तिने खाल्लं नाही?"

"मॅम कुठं खातात?" रुक्सानाबाई फोन कानाला लावून म्हणाल्या. "रोज आम्हालाच वाटतात की. आषाढापासून."

तेव्हा मला दोन गोष्टी एकदम समजल्या. नियम कसला होता ते, आणि पेशी का बिथरल्या ते. घंटा वाजली नाही तरी शाळा भरली होती. चार वाजता त्या पेशी सवयीने इन्सुलिन सोडत होत्या. इतके दिवस निदान थालीपीठ पोटात जायचं, म्हणून दहावर निभावलं. आज तेही नाही आणि वरून पोहणं. जे कमी पडलंय ते आधी द्यावं एवढंच माझ्या डोक्यात आलं. कुणाच्याही आलं असतं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तुकडा तिच्या ओठांशी नेला.

तिने दात आवळले.

"त्रिशला, तोंड उघड."

ती मान हलवत होती. नाव विचारलं असतं तर सांगता आलं नसतं तिला, पण वास ओळखला. दातांतून एकच शब्द आला. "नियम."

"खड्ड्यात गेला नियम! मरशील तू!" मी ओरडलो. अख्ख्या तलावाने ऐकलं. मी तिचा जबडा धरला. चौतीस वर्षांत तिच्यावर हात टाकला नव्हता, त्या दिवशी दोन्ही गाल दाबून दातांच्या फटीत अंगठा घालायला बघत होतो. तिने मला कडकडून चावलं.

रुक्सानाबाईंनी फोन माझ्या तोंडासमोर धरला. डॉक्टर बोलत होत्या.

"मगदूम, आकडा?"

"बावन्न. नाही, बेचाळीस. दहा मी वाढवलेत."

"तुम्ही काय... बरं. तोंडात काय दिलंत?"

"चॉकलेट देतोय, पण दात..."

"देऊ नका! मगदूम, ऐकताय? चॉकलेट फेकून द्या. त्याच्या चरबीने साखर चढायला अर्धा तास लागेल, आणि जिभेला ती चव लागली की पेशी पुन्हा सगळं इन्सुलिन सोडतील. दुसरी घंटा होईल ती. वाचायची नाही! तोंडात गेलंय का?"

मी तिच्या ओठांकडे बघितलं. ओठांवर तपकिरी डाग होता. आत काही नव्हतं. तुकडा माझ्याच बोटांत वितळत होता.

"नाही गेलं. तिने जाऊ दिलं नाही."

"ओठ पुसा. साखर आणा, साधी. तिला कुशीवर वळवा आणि ओली साखर गालाच्या आतून, हिरड्यांवर चोळा. पाणी पाजू नका, ठसका लागेल. गाडी पाठवलीय मी."

रुक्सानाबाई ओल्या अंगाने, अनवाणी, बाहेरच्या चहाच्या गाड्यावर धावल्या आणि साखरेचा डबाच घेऊन आल्या. मी हात धुतले, खरडून खरडून धुतले, आणि चिमूट चिमूट साखर तिच्या गालात चोळत राहिलो. या वेळी तिने दात आवळले नाहीत. बेचाळीस. एक्केचाळीस. चव्वेचाळीस. माझ्या आयुष्यात इतका सावकाश चढणारा काटा मी पाहिला नाही. साठाच्या वर गेल्यावर तिने डोळे माझ्यावर आणले आणि विचारलं, "तुम्ही इथे कसे?" मी तिथेच फरशीवर बसून लहान पोरासारखा रडलो.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी आम्ही दोघेच होतो तेव्हा मी विषय काढला.

"महाराज तुला म्हणाले होते का, औषध सोड म्हणून? त्यांना माहीत असतं तर त्यांनी तो नियम दिलाच नसता."

"चॉकलेट सोडते एवढंच सांगितलं मी त्यांना." ती छताकडे बघत होती. "खरं सांगू? तीन वाजल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. चार कधी वाजतात, चार कधी वाजतात. एवढी हाव मला कधी कशाची नव्हती. ती ओढ माझी का त्या कुपीची, तेच कळेना. म्हटलं सोडून बघावं. सोडायची तर आवडती गोष्टच सोडायची ना?"

"पण मला सांगायचं नाही? मी थालीपीठ गरम करायला उठलो की तुकडा रुमालात लपवत राहिलीस!"

तिने चादरीची सुरकुती सारखी केली.

"सांगितलं असतं तर तुम्ही तो काटा उचलून कपाटात ठेवला असता. मग चार वाजता माझ्यासमोर कशाला बसला असता?"

खरंच नसतो बसलो. मला तिचाही राग आला आणि माझाही, आणि तो राग कुठे ठेवावा ते समजेना.

डॉक्टर मात्र वेगळ्याच कारणाने अस्वस्थ होत्या. पेशींना स्वतःचं घड्याळ असतं हे त्यांना माहीत होतं, पण चव मिळाली नाही तर नुसत्या घड्याळावरची सवय दहा-बारा दिवसांत मोडायला हवी होती. अठरा दिवस झाले तरी पेशी पूर्ण जोरात होत्या. म्हणजे रोज कुणीतरी त्यांना आठवण करून देत होतं.

चौथ्या दिवशी त्यांनी चाचणी घेतली. त्रिशलाला एका खोलीत बसवलं, हाताला सलाइन, शेजारी साखरेचं पाणी तयार. मी काचेपलीकडे डॉक्टरांजवळ. कुपीतून किती इन्सुलिन सुटतंय ते पडद्यावर दिसत होतं. चार वाजले. रेघ जराशी उचलली आणि बसली.

"घड्याळ एवढंच," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी एक रिकामी बशी आत पाठवली. काहीच झालं नाही. थोड्या वेळाने चॉकलेटचा रिकामा कागद पाठवला. रेघ किंचित हलली.

"आता तुम्ही जा. बोलू नका. रोजच्यासारखे समोर बसा फक्त."

मी गेलो. खुर्ची ओढली आणि बसलो. त्रिशला माझ्याकडे बघून हसली, आणि काचेपलीकडे डॉक्टर ताडकन उठून उभ्या राहिल्या. दोन मिनिटांत नर्स साखरेचं पाणी घेऊन आत आली आणि मला बाहेर काढलं. पडद्यावरची रेघ वर वर चढत होती.

"मगदूम, घंटा चॉकलेट नव्हतीच," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "चव, वेळ आणि तुम्ही, तिन्ही रोज एकत्र आलं. पेशींनी त्यातलं सगळ्यात पक्कं धरून ठेवलं. तुम्ही समोर बसलात की तिचं शरीर सैलावतं आणि तोच निरोप कुपीला जातो."

"पण मी तर दिवसभर घरातच असतो."

"घरात असता. एरवी तिच्यासमोर बसता का?"

मी काचेतून त्रिशलाकडे बघितलं.

त्यांनी दोन वाटा सांगितल्या. चॉकलेट पुन्हा सुरू करायचं, मग सगळं होतं तसं. नाहीतर पेशींना विसरायला लावायचं आणि दिवाळीनंतर नव्या चवीने पहिल्यापासून शिकवायचं. विसरायला पंचेचाळीस दिवस. तेवढे दिवस ती चार वाजता खाईल, डॉक्टरांची नर्स फोनवरून लक्ष ठेवील, पण मी समोर बसायचं नाही. मी घरातच नसलेलं बरं.

मी त्रिशलाला जाऊन सगळं सांगितलं. ऐकून तिचा चेहरा लाल झाला. एकसष्टाव्या वर्षी बाई लाजलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"म्हणजे ओढ चॉकलेटची नव्हतीच तर," ती म्हणाली.

"मोड ना नियम," मी म्हणालो. मला लाज वाटली, पण म्हणालो. "महाराजांना मी सांगतो. औषध आहे ते. आपण बसू की पहिल्यासारखे."

तिला मोह झाला. मी बघितला. मग तिने माझा हात हातात घेतला, अंगठ्यावर तिच्या दातांचे व्रण होते त्यावरून बोट फिरवलं आणि नाही म्हणाली. "चारच महिन्यांचं आहे हो."

मी आयुष्यात कधी नियम घेतला नव्हता. चातुर्मासात मी फक्त लोकांचे सोडलेले पदार्थ ऐकायचो. दवाखान्यातून परतल्यावर मी महाराजांसमोर गेलो आणि हात जोडले. काय सोडतोस, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, दिवाळीपर्यंत दुपारी चार वाजता बायकोसमोर बसणं. मागे बसलेली माणसं हसली. महाराज हसले नाहीत.

तेव्हापासून रोज पावणेचारला मी घराबाहेर पडतो आणि कृष्णेच्या घाटावर जाऊन बसतो. पहिल्या आठवड्यात साडेचारचा आकडा बघताना जीव टांगणीला लागायचा. हळूहळू तो सावरत गेला. एक्केचाळिसाव्या दिवशी तो एकशे सहावर थांबला आणि पाच वाजेपर्यंत हललाच नाही. डॉक्टरांचा फोन आला.

"विसरल्या, मगदूम! उद्यापासून बसा तुम्ही खुशाल."

तिला काही धोका उरला नाही, याचा आनंद मला झाला. खूप झाला. पण मला विसरल्या हेही लागलं, खोटं का बोलू. घरी येऊन त्रिशलाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, सूर्यास्ताआधी जेवण आटपायचं होतं. लाटणं थांबलं.

"दिवाळीला किती दिवस आहेत अजून?"

"चोवीस."

"मग?"

"मग काय. नियम आहे माझा."

ती हो म्हणाली आणि पुढची पोळी घेतली.

आज त्यातला नववा दिवस. घाटावर माझ्यासारखे चार-दोन म्हातारे असतात, ते राजकारणावर भांडतात, मी ऐकतो. अजून पंधरा दिवस काढायचे आहेत. तीन वाजल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. माझ्या पोटात कसलीही कुपी नाही.